कोहळं कापायची तलवार

चांद्याहून माझ्या सासरी यायचं म्हणजे आधी मोटर, मग वैनगंगेवर डोंगा आणि पुढे बैलगाडी. एवढे हाल सोसून पोचल्यावर निदान स्वयंपाकघरात तरी आपलं चालावं, अशी माझी माफक अपेक्षा होती. पन्नास साल नुकतंच उलटलं होतं, मी सातवी पास होते, आणि आपल्याला सगळं येतं याबद्दल माझी पक्की खात्री होती. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी सांगितलं, आज कोहळ्याची भाजी कर. मी छपराखालच्या फळीवरून चांगलं घागरीएवढं कोहळं, म्हणजे तुमच्याकडचा लाल भोपळा, उतरवलं, पुढ्यात ओढलं आणि कोयता उचलला. तोच सासूबाईंनी माझं मनगट असं धरलं की बांगडी पिचली.

"काय करून राह्यली बाई! कोहळं कापते का बाईमानूस?"

मग मला कळलं ते असं. कोहळं म्हणजे घरचा थोरला लेक, त्याच्यावर बाईनं हत्यार उचलू नये. पहिला घाव पुरुषानं घालायचा. एकदा का त्यानं दोन फाकी केल्या की पुढे सोलणं, चिरणं, फोडणी देणं, वाढणं आणि भांडी घासणं हे सगळं बाईनं करायला शास्त्राची काही हरकत नव्हती. माझ्या माहेरीही असं काहीबाही म्हणत, पण आई दार लोटून कापून मोकळी व्हायची. तसं मी बोलून दाखवलं. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढे माहेरचं नाव काढायची माझी छाती झाली नाही.

घरात त्या दिवशी पुरुष एकच होते, ते म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची आणि यांना मोठे मामाजी. ते ओसरीत बसलेले. पण ते सासूबाईंचे भासरे, आणि आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्यांशी बोलत नाही. समोरसुद्धा येत नाही. म्हणून सासूबाई दाराआड उभ्या राहिल्या, पदर पुढे ओढला आणि अंगणातल्या कोंबड्यांना उद्देशून मोठ्यानं म्हणाल्या, "कोहळं आलं म्हना." ओसरी तिथून चार हातांवर. मोठ्या मामाजींना स्पष्ट ऐकू गेलं होतं; पण भावजयीचा आवाज ऐकू येणं हेही रीतीत बसत नसावं, कारण ते जागचे हलले नाहीत. मी जाऊन "मोठे मामाजी, कोहळं आलं" म्हटल्यावर मात्र ते लगेच उठले, आणि खुंटीवरून तलवार काढून आले.

आमच्या घरात तलवार आहे हे मला लग्न जमवताना कुणी सांगितलं नव्हतं. लांब, किंचित वाकलेली, दोन्ही हातांनी धरायची मूठ, त्या मुठीला दोरा गुंडाळलेला. मोठे मामाजी कोहळ्यासमोर उभे राहिले, पाय जरा फाकवले, आणि एकदाच हात खाली आणला. आवाज म्हणावा तसा झालाच नाही. कोहळं दोन्ही बाजूंना उघडलं. त्यांनी पातं धोतराच्या चिंधीनं पुसलं, म्यानात घातलं, तलवार खुंटीला लावली आणि परत ओसरीत जाऊन बसले. मला हसू आवरेना. मी तोंडात पदर कोंबून चुलीकडे वळले.

हे मोठे मामाजी दुसऱ्या लढाईत ब्रह्मदेशाच्या बाजूला जाऊन आले होते. त्यांची बायको पटकीत गेली, मूलबाळ नव्हतं, चांद्याला भरती चालू होती, ते भरती झाले. फौजेत त्यांच्याकडे खेचरं होती. डोंगरांतून दारूगोळा वाहणारी खेचरं सांभाळायची, त्यांना दाणापाणी द्यायचं, त्यांच्या पाठीवरच्या जखमा धुवायच्या. बंदूक मिळाली होती, पण ती चालवायची वेळ आली नाही, असं ते स्वतःच कधीतरी सांगत. गावाला मात्र हे मान्य नव्हतं. घरात जपानी तलवार आहे म्हणजे तिच्याखाली जपानी मुंडकी पडलेलीच असणार, असं गावानं ठरवून टाकलं होतं. मोठे मामाजी त्यावर हो म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत.

त्यांनी फौजेतून आणलेलं बाकीचं सामान घरात आपापल्या कामाला लागलं होतं. डोक्यावर घालायच्या लोखंडी टोपात कोंबड्या पाणी प्यायच्या. गोळ्यांच्या लोखंडी पेटीत सासूबाई बियाणं ठेवायच्या. तिला उंदीर लागत नाही म्हणून घरातली सर्वांत मौल्यवान वस्तू तीच, असं त्यांचं ठाम मत होतं. आणि तलवारीला कोहळ्याचं काम.

ते काम आमच्या घरापुरतं राहिलं नव्हतं. पोळा असो, लग्न असो, पितर असोत, आमच्याकडे कोहळ्यावाचून पान हलत नाही. बाया डोक्यावर कोहळी घेऊन आमच्या अंगणात येत आणि मोठे मामाजी ती एकेक करून उघडत. ज्यांच्या घरी धडधाकट पुरुष बसलेले असत त्याही येत. "आमच्या माणसाचा हात वाकडा पडते बाप्पा," असं प्रत्येकीचं कारण. जाताना कुणी फोड ठेवी, कुणी मोहाचे लाडू. इंग्रज बहादुरानं या माणसाला ब्रह्मदेशात पाठवून एवढं एक काम शिकवून परत पाठवलं, असं मी आमच्या यांच्याजवळ म्हणायची. हे हसायचे आणि मग आवाज हळू कर म्हणायचे.

असं चाललं असतानाच साहेब उगवला. त्या दिवसांत हिवाळ्यात शिकारीला येणाऱ्यांची आमच्या जंगलात रीघ असे. हा फौजेतून पेन्शन घेतलेला मेजर, नागपूरकडचा. रानातून जनावर उठवायच्या हाक्याला माणसं हवी होती, कुणीतरी सांगितलं की इथे एक जुना फौजी आहे, म्हणून तो आमच्या घरी आला. मोठे मामाजी ताठ उभे राहिले, सलाम केला. मी चहा केला. साहेबानं कप तोंडाला लावला आणि तो तसाच राहिला. खुंटीवर लाल मिरच्यांच्या माळेशेजारी तलवार लटकत होती.

"ये कहाँ से आयी?"

"ब्रम्हदेशातून, सायेब. जपान्यानं हत्यारं टाकली तवा खेचरावर लादून राह्यलो होतो. आमच्या कप्तानसायबानं म्हटलं, घे एक."

झालं. गावानं इतकी वर्षं जपून ठेवलेली मुंडकी त्या एका वाक्यात नाहीशी झाली. पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. साहेबानं तलवार मागून घेतली, उजेडात धरली, आणि हळूहळू त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं याला चहा बाधला. त्यानं मुठीतली बारीक खुंटी ठोकून काढली, मूठ उतरवली, आत पात्याच्या बुडख्यावर कोरलेली अक्षरं दिसली. मूठ आणि म्यान लढाईतलं सरकारी आहे, तो सांगू लागला, पण पातं तीनशे वर्षांचं असेल. बापाकडून लेकाकडे असं चालत आलेलं. अशी पाती संग्रहात ठेवायला लोक देशोदेशी धुंडाळत फिरतात. मग त्यानं पात्यावरचा पिवळट डाग बोटानं पुसून पाहिला.

"यह क्या है?"

"कोहळं," मोठे मामाजी म्हणाले.

साहेबाला ते कळलं नाही. मग आमच्या यांनी हिंदीत समजावून सांगितलं. साहेबानं बोट रुमालाला पुसलं. नंतर त्यानं सासऱ्यांना बाजूला घेऊन एक आकडा सांगितला. आकडा मी सांगत नाही. सासरे आत आले ते बोटांवर पुन्हा पुन्हा मोजतच आले, एवढं सांगते. शेतात धानाच्या बांधीत विहीर, दोन खोल्यांवर टीन, आणि वर धानाची गिरणी सुरू करायला हात घालता येईल इतकं त्या खुंटीवर मिरच्यांशेजारी लटकत होतं. आपल्या ओळखीच्या जाणकाराला विचारून उन्हाळ्यात परत येतो, तोवर तिला कशालाही लावू नका, असं साहेब बजावून गेला. गोळ्यांच्या पेटीकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. सासूबाईंचं त्याच्याबद्दलचं मत तिथेच वाईट झालं.

त्याच संध्याकाळी तलवार तेल लावून, तीन लुगड्यांत गुंडाळून, मोठ्या पेटीत कुलपात गेली. किल्ली सासऱ्यांच्या करदोट्याला. आणि घरातल्या सगळ्यांना एकदम आठवण झाली की मोठे मामाजी घरातले वडीलधारे आहेत. सासरे त्यांना आधी जेवायला बसवू लागले. भातावर तूप पडू लागलं. यांनी तालुक्याहून त्यांच्यासाठी नवीन धोतरजोडी आणली आणि धोतर हातात देता देता धान कांडायच्या यंत्राची माहिती सांगितली. इतक्या वर्षांत ज्या माणसाला कुणी काही विचारलं नव्हतं, त्याला आता "भाऊ, विहीर कुठी घ्यावं?" असं विचारू लागले. ते म्हणायचे, "तुमाले वाटते तिथी घ्या."

इकडे बाया कोहळी घेऊन यायच्या आणि परत जायच्या. पहिलीला सासऱ्यांनीच अंगणातून हाकललं. "तीनशे वर्सांची वस्तू आहे बाई. तिनं कोहळं कापते का कोनी?" ती बिचारी आल्या पावली गेली आणि तिच्या घरच्या माणसानं कुऱ्हाडीनं कोहळं फोडलं. त्याचा हात मुळीच वाकडा पडला नाही. आठ-पंधरा दिवसांत गावातल्या सगळ्या पुरुषांचे हात सरळ झाले, आणि आमच्या अंगणात कुणी येईना.

मोठे मामाजी ओसरीत बसत. पण आता बसण्याची दिशा बदलली होती. आधी अंगणाकडे तोंड करून बसायचे, आता भिंतीकडे. तूपभात पुढे ठेवला की खायचे, नाही ठेवला तर मागायचे नाहीत. मी म्हटलं, म्हातारपण आलं. सासूबाईंनी नुसतं पाहिलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी अंगणात मोहफुलं वाळत घालत होतो, तेव्हा त्या एकाएकी म्हणाल्या, "पुन्हा भीतीकडे तोंड केलं."

"पुन्हा म्हणजे?"

मग त्यांनी सांगितलं. फौजेतून आले तेव्हा मोठे मामाजी असेच बसत. शेतात जात नसत, देवळात जात नसत, कुणी बोललं तर ऐकत नसत. घोडं खिंकाळलं की उठून मागच्या परसात जाऊन उभे राहत. असे किती महिने गेले. सासरे तेव्हा ठेकेदाराच्या बांबूतोडीवर जंगलात असत, वर्षाचे आठ महिने घराबाहेर. घरात या एकट्या, तेव्हा शाळेत जाणारे आमचे हे, आणि ज्याच्याशी बोलायची सोय नाही असा भासरा. वैदू झाला, पुजारी झाला, कोंबडं झालं.

"मंग काय केलं?"

"मंग काय करू? येक दिस कोहळं धाडलं त्याइच्याकडं पोराच्या हातानं. म्हनलं, सांग मोठ्या बाबाले, घरी मानूस नाई, बाईनं कापू नये. भाजी खोळंबली." सासूबाई मोहफुलं पसरत राहिल्या. "उठले. ती तलवार काढली अन कापलं. पयल्यांदा उठले आपल्या मनानं. मंग मी शेजारनीले सांगतलं, तू बी आन. तिनं तिच्या शेजारनीले सांगतलं."

मी विचारलं, "आणि त्याच्या आधी? ते फौजेत होते, मामाजी जंगलात. तेव्हा कोण कापत होतं?"

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की सातवीपर्यंत शिकून ही एवढीच कशी राहिली.

"कोन म्हंजे? मीच कापे. कोयत्यानं. काय होते?"

मला तेव्हा हसू आलं नाही. माझ्या पिचलेल्या बांगडीचा अर्थ मला त्या दिवशी लागला, आणि या बाईबद्दल मनात एकदम इतकी माया दाटून आली की मी उगाचच मोहफुलांतले खडे वेचत बसले.

आता प्रश्न असा होता, की हे घरातल्या पुरुषांना सांगायचं कसं. सासूबाई म्हणाल्या, सांगायचं नाही. सांगितलं की भासऱ्यांच्या कानावर जाणार, मग त्या कोहळ्यांची किंमत काय उरली? मी यांना नुसतं एवढंच म्हटलं, की तलवार विकू नये. यांनी मला समजावलं, की तुला व्यवहार कळत नाही. त्यांचंही खोटं नव्हतं. गिरणी झाली तर सबंध भागातल्या बायांचं कांडण वाचणार होतं, माझंसुद्धा. मुसळ धरून माझे हात सोलले होते, हे मी कुठल्या तोंडानं नाकारू?

उन्हाळ्यात साहेब आला, सोबत चष्मेवाला जाणकार घेऊन. ओसरीत सतरंजी अंथरली. सासऱ्यांनी किल्ली काढली, लुगडी सुटली, तलवार बाहेर आली. चष्मेवाल्यानं ती दोन्ही हातांवर घेऊन कपाळाला लावली. सासरे म्हणाले, "भाऊ, तुमची वस्तू. तुमी म्हनाल तसं." हे बोलताना त्यांनी किल्ली भावापुढे ठेवली. तो माणूस लोभी नव्हता. भाऊ नाही म्हणाले असते तर त्यांनी लुगड्यांत गुंडाळून परत ठेवली असती, असं मला आजही वाटतं.

मी दाराआड सासूबाईंच्या शेजारी उभी होते. मनातल्या मनात म्हणत होते, नाही म्हणा, नाही म्हणा.

"विका," मोठे मामाजी म्हणाले. "इतके वर्सं बसून खाल्लं तुमच्या घरी. कायी काम नाई, धंदा नाई. तेवढं तरी फिटन."

माझ्या शेजारी सासूबाईंनी दाराची चौकट घट्ट धरली. बोलायची सोय नव्हती, आणि अंगणात त्या वेळी कोंबडीही नव्हती. तलवार गेली. विहीर खणली, तिला पाणी लागलं. टीन पडलं, आणि पहिल्याच पावसात त्यावर असा आवाज झाला की घरात कुणाला कुणाचं ऐकू येईना. गिरणीचं यंत्र पुढच्या वर्षी येणार होतं. गावात आमचा मान वाढला. ओसरीत मोठे मामाजी भिंतीकडे तोंड करून बसलेले असत, आणि आता त्यांच्याकडे घरातलं कुणी फारसं बघत नसे, कारण बघितलं की विहिरीचं पाणी गोड लागत नसे.

पोळा आला. सकाळी सासूबाईंनी फळीवरून सर्वांत थोराड कोहळं उतरवलं, त्यावर कोयता ठेवला आणि सगळं माझ्या हातात दिलं. ओसरीकडे नुसती मान हलवली. मी गेले.

"मोठे मामाजी, कोहळं आलं."

"तलवार गेली ना बाई."

"कोयता आणलाय."

"तूच काप. कायी होत नाई." ते भिंतीकडेच बघत होते. मी तशीच उभी राहिले. थोड्या वेळानं ते म्हणाले, "तुयी सासू आहे ना दाराआड? इचार तिले. मी फौजेत होतो, धाकला जंगलात राहे. तवा कोन कापे कोहळं?"

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. कधीपासून, कुणास ठाऊक. उन्हाळाभर भिंतीकडे बघत त्यांनी तेवढाच हिशेब केला असावा. मी मागे वळले. सासूबाई तर खोटं बोलत नसत. बाजारात कुजकं वांगं कुजकं आहे म्हणून आधी सांगून विकणारी बाई ती.

त्या उंबरा ओलांडून ओसरीत आल्या. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. इतक्या वर्षांत भासऱ्यांच्या समोर त्या कधी आल्या नव्हत्या. मोठे मामाजी गडबडीनं उठून दुसरीकडे तोंड करू लागले, पण जागाच नव्हती, एका बाजूला भिंत आणि एका बाजूला मी.

"कोनी नाई कापे," सासूबाई म्हणाल्या. कोंबड्यांना नाही, मला नाही, सरळ त्यांना. "खातच नोतो आमी कोहळं. तुमी येतवरी."

सासूबाई हलल्या नाहीत. मोठे मामाजी खाली जमिनीकडे बघत होते. मग त्यांनी माझ्या हातातला कोयता घेतला आणि त्याच्या पात्यावरून अंगठा फिरवला.

"याले धार नाई," ते म्हणाले, आणि दगड शोधायला अंगणात उतरले.